अर्ध्यावर अडकलेला काटा

देवाची निम्मी भांडी घासून झाली होती. समई, ताम्हण आणि घंटा चिंचेनं लख्ख करून ओसरीवर पालथी घातली होती. पंचपात्र, पळी आणि दोन निरांजनं अजून काळीच होती. तेरा दिवस सुतकात देवाला हात लावला नव्हता. चौदाव्याचं जेवण आदल्या दिवशी झालं, पाव्हणे सकाळच्या गाडीनं गेले आणि मी भांडी घेऊन बसले. तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली.

“माणिकराव हाईत का?”

देवगाव फाट्याचे रंगनाथ आले होते. एसटीच्या पाथरी डेपोत ते वायरमन होते. रिटायर झाल्यावर फाट्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलंय. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून जाऊबाईंच्या मातीला येता आलं नाही, असं दारातूनच सांगू लागले. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला हत्याराची पिशवी.

भासरे आपल्या गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आमच्याकडे तसंच म्हणतात. त्यांचं नाव माणिकराव. अंगण एक आणि दारं दोन, एक त्यांचं, एक आमचं. देवघर त्यांच्या घरात, कारण देव थोरल्याकडे असतात.

रंगनाथांनी त्यांचा हात हातात धरला.  मग भासरे म्हणाले, “पिशवी आणली का?”

“आणली. तुमी फोनवर म्हणलाव म्हून आणली. पर मी भेटायला आलोय माणिकराव. गाडीचं काय, आज न्हाई तर उद्या.”

“न्हाई. आजच बघ. पेट्रोल कुठं गेलं ते मला मालूम पायजे.”

ते असं का म्हणाले हे कळायला त्यांच्याविषयी थोडं सांगावं लागेल. मी रोज वही लिहिते. तिथी, काय नेम झाला, काय स्वयंपाक, कोण आलं-गेलं, एवढंच. एका माणसाविषयी एवढं कधी लिहिलं नव्हतं.

भासरे एकोणतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. तेवढ्या वर्षांत एकही अपघात नाही. त्याचं प्रमाणपत्र बैठकीत लावलेलं आहे, पण त्याविषयी ते कुणाला सांगत नसत. ते सांगायचे ते दुसरंच. “मी मधी कधी सवारी उतरवली न्हाई.” एकदा सोनपेठहून पाथरीला येताना गाडीचा रेडिएटर गळायला लागला. कंडक्टर म्हणाला, लोकांना उतरवू, मागून दुसरी गाडी येईल. भासरे गावागावच्या हापशावर थांबले, घागरी मागून घेतल्या, पाणी ओतलं, असं करत गाडी थेट डेपोत आणली. गाडीत एक बाळंतीण होती म्हणे. तिचं नाव-गाव त्यांना माहीत नव्हतं, पण पाथरीला उतरताना ती पाया पडली होती हे त्यांना आठवायचं.

रिटायर झाल्यावर त्यांनी एका मास्तरांची जुनी पांढरी गाडी घेतली. घेतानाच ती वीस वर्षांची होती. आमचे मालक म्हणाले, “दादा, हे काय भंगार आणलं?” भासरे म्हणाले, “आयुष्यभर दुसऱ्याच्या बायकांना देवाला नेलं. आता माझ्या बायकोला नेतो.” आणि खरंच नेलं. तुळजापूर, माहूर, औंढा, पोखर्णीचा नृसिंह. जाऊबाई पुढच्या सीटवर, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. दोन वेळा मीही गेले, मागच्या सीटवर.

जाऊबाईंचं नाव चतुराबाई. आमचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही. चोवीस वर्षं मी ते पाळलं. ते दोन हातांवर जेवायला बसलेले असले तरी मी म्हणायची, “जाऊबाई, इचारा की, भाकरी वाढू का.” आणि जाऊबाई हसायच्या. “भैरे न्हाईत ते विजू. ऐकू आलंय त्यायला.” मग भासरे ताटाकडं बघत म्हणायचे, “अर्धी वाढ म्हणावं.” माझा प्रत्येक शब्द त्यांच्याकडं आणि त्यांचा माझ्याकडं जाऊबाईंच्या तोंडून यायचा. आम्हाला त्यात काही अवघड वाटलं नाही. घरोघरी तसंच होतं.

नंतर जाऊबाईंना साखर निघाली. आधी नजर अधू झाली, मग किडन्या. दीड वर्षापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या दवाखान्यात मशीनवर घ्यावं लागायचं. पेडगावातून परभणी काही लांब नाही, पण मशीनवरून उतरल्यावर माणसाला बसमध्ये उभं राहवत नाही. म्हणून गाडी. देवाला न्यायला घेतलेली गाडी आता दवाखान्याला जाऊ लागली. भासरे सकाळी सातला गाडी पुसायचे, सीटवर घडी केलेली वाकळ टाकायचे आणि हॉर्न न वाजवता दारात उभे राहायचे.

त्या गाडीचा पेट्रोलचा काटा दोन वर्षांपासून बिघडला होता. टाकी भरली तरी अर्धी दाखवायचा, रिकामी झाली तरी अर्धी. भासऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. एसटीत रोज डेपोत टाकी भरून मिळायची, काट्याकडं बघायची त्यांना सवयच नव्हती. आणि घरात जाऊबाई होत्या.

जाऊबाईंनी आपला हिशेब बसवला होता. गाडीत वीस लिटर टाकलं की परभणीच्या सात फेऱ्या होतात. एक फेरी झाली की त्या देवघराच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या पितळी वाटीत जवारीचा एक दाणा टाकायच्या. सहावा दाणा पडला की सांगायच्या, “आता भरून आणा.” भरून आणलं की वाटी मोकळी करायच्या. भासऱ्यांनी तारीख, फेरी, लिटर काहीही डोक्यात ठेवायचं सोडून दिलं होतं. कुणी काट्यावरून थट्टा केली की म्हणायचे, “काटा खोटा बोलला तर बोलू द्या. आमची चतुरा न्हाई बोलत.”

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढचं झालं नसतं.

मला एवढंच माहीत होतं की जाऊबाईंचे नेम फार. तुळशीला प्रदक्षिणा घालायच्या तरी दाणे मोजून, नामस्मरण करायचं तरी दाणे मोजून. आमच्याकडे सगळ्याच बायका असं करतात. नेम पुरा झाला की ते दाणे पाखरांना घालतात. दुसऱ्याच्या नेमाचे दाणे मोजायचे नाहीत, पुण्य तुटतं असं मानतात. जाऊबाई आजारी झाल्यापासून त्यांच्या देवाची पूजा मीच करायची. त्या सोमवारी, दुसऱ्या दिवशी एकादशी म्हणून, मी देवघर झाडलं, देवळी पुसली. वाटीत दाणे दिसले. वाटलं, जाऊबाईंचा कसला तरी नेम पुरा झालाय आणि बिचारीला अंगणात जाववत नाही. मी ते दाणे न मोजता, हात जोडून, न्हाणीपाशी चिमण्यांना टाकले. वाटी धुतली आणि जागेवर ठेवली. रात्री वहीत लिहिलंही: ‘देवघर झाडले. जाऊबाईंच्या नेमाचे दाणे पाखरांना घातले.’

जाऊबाईंना दिसत नव्हतं. मंगळवारी परभणीहून आल्यावर त्यांनी भिंत धरून देवळीपर्यंत हात नेला आणि दाणा टाकला. शुक्रवारी तसंच. वाटीत आता दोन दाणे.

रविवारी सकाळी त्यांना धाप लागली. पाय तर आधीच सुजले होते, आता तोंडही सुजलं. दवाखान्यात फोन केला, त्यांनी लगेच घेऊन या म्हणून सांगितलं. भासऱ्यांनी गाडी काढली आणि अंगणातूनच ओरडले, “चतुरा, किती झाले?”

जाऊबाईंना बोलताना दम लागत होता. माझा हात धरून म्हणाल्या, “देवळीत वाटी हाय बघ. दाणे मोज. पेट्रोलचे हायत.”

मी धावत गेले, बघितलं. “दोन,” मी म्हणाले.

“दोन म्हणावं,” जाऊबाई म्हणाल्या. त्याही वेळी त्यांनी माझा शब्द मधे राहून भासऱ्यांपर्यंत पोचवला. “लय हाय मग,” भासरे म्हणाले. आमच्या मालकांनी आणि भासऱ्यांनी मिळून त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी गेली. मालक शेताकडं गेले.

अर्ध्या तासानं मालकांच्या फोनवर भासऱ्यांचा फोन आला. फोन ओसरीवर चार्जिंगला लावलेला होता. मी बघत उभी राहिले. भासऱ्यांचा फोन मी कधी उचललेला नाही. तीनदा वाजला. चौथ्यांदा उचलला आणि नुसती ऐकत राहिले.

“महारुद्र, गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं. बाटली घिऊन ये लवकर.”

तेव्हा मला देवळी आठवली, सोमवार आठवला. मी अनवाणी शेताकडं पळाले.

मालक बाटली घेऊन पोचेपर्यंत जवळजवळ एक तास गेला होता. भासऱ्यांनी मधे ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. एक टेम्पो थांबला, पण जाऊबाईंना उचलून वर चढवता येईना. आडवं केलं की श्वास कोंडायचा. भासरे रस्त्याच्या कडेला, दार उघडं ठेवून, टॉवेलनं वारा घालत उभे होते. परभणीला पोचल्या तेव्हा जाऊबाई शुद्धीत होत्या. मशीन लावता लावता गेल्या. डॉक्टरांनी मालकांना सांगितलं, “एक तास आधी आणलं असतं तर फरक पडला असता की नसता, हे मला सांगता येणार नाही.”

भासऱ्यांनी तेरा दिवस एकच वाक्य धरून ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत. “वाटीत दोनच दाणे होते हो. मग पेट्रोल गेलं कुठं?” आणि मी आत भाकरी थापत ऐकत होते. रोज ठरवायची आज मालकांना सांगायचं. रोज देवासमोर उभी राहून, सुतकात हात न जोडता नुसतीच बघत राहायची. सांगितलं नाही.

तर त्या दिवशी रंगनाथ आले आणि काम सुरू झालं. मी भांडी घासत होते, ते पंधरा पावलांवर. रंगनाथ मला म्हणाले, “वैनी, उदबत्ती-बिदबत्ती असंल तर जरा इझवा. टाकी उघडायची हाय.” दिवा अजून लावलेलाच नव्हता, तरी मी आत जाऊन बघून आले.

रंगनाथांनी चावी फिरवली. काटा अर्ध्यावर. मग मागची सीट उचलून बाहेर ठेवली. जाऊबाईंची वाकळ अजून पुढच्या सीटवर होती, तिला कुणी हात लावला नाही. सीटखाली पत्र्याचं झाकण होतं, त्याचे स्क्रू काढले. खाली टाकीचं तोंड, त्यातून एक वायर वर आलेली.

“आता ही वायर मी काढतो. तुमी फुडं काट्याकडं बघा.”

भासरे पुढं वाकले. “पडायला लागला.”

“पडला का पुरा?”

“पडला. रिकामीवर आला.”

“आता वायर बॉडीला लावतो. कुठं जातो?”

“वर जायलाय. वर… फुल.”

“झालं. म्हंजी काटा बी चांगला आन् वायर बी चांगली. खोट टाकीत हाय.” रंगनाथ चष्मा पुसत म्हणाले. “तुमची नजर बी चांगली हाय. मला तर एका डोळ्यानं दोन माणिकराव दिसायलेत.”

“दोन असते तर एक गेला असता पेट्रोल आणायला,” भासरे म्हणाले. रंगनाथ हसायला गेले आणि थांबले.

त्यांनी टाकीच्या तोंडावरची रिंग ठोकून फिरवली आणि आतून एक वाकडी सळई बाहेर काढली. सळईच्या टोकाला पोकळ डबीसारखा फ्लोट. पेट्रोलवर तरंगतो, पेट्रोल उतरलं की खाली येतो आणि त्याच्यावरून काटा हलतो, असं त्यांनी भासऱ्यांना सांगितलं. भासऱ्यांना हे माहीत असणारच, पण त्यांनी ऐकून घेतलं. रंगनाथांनी बोटानं फ्लोट वर-खाली केला. तो हलेना. जोर लावला तेव्हा करकरत थोडा हलला आणि पुन्हा अर्ध्यावर अडकला.

“हे बघा. सांध्यात गंज धरलाय. पेट्रोल असू द्या न्हाई तर नसू द्या, ह्याला काईच फरक पडत न्हाई. साफ करून चालंल, पर चार दिवस. हा बदलायलाच पायजे. माझ्या दुकानापाशी जुन्या गाड्यांचं सामान विकणारा हाय, त्याच्याकडं भेटतो का बघतो.”

“ते ऱ्हाऊ दे. काटा बिघडलाय हे मला दोन सालापासून मालूम हाय. पेट्रोल कुठं गेलं ते बघ.”

मग रंगनाथ गाडीखाली शिरले. साठीचा माणूस, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मी मनात म्हटलं आता कशाला. पाठीखाली पोतं घेऊन ते आडवे झाले. टाकीला खालून हात फिरवला, हात बाहेर काढून वास घेतला. पाइप बघितला, जोड बघितले. बाहेर आले, बॉनेट उघडून तिथले पाइप बघितले. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं, ते लावून-काढून बघितलं. सगळ्याला तासभर लागला. भासरे त्यांच्या मागं मागं, जिथं ते बोट लावतील तिथं वाकून बघत होते.

“कोरडं हाय सगळं,” रंगनाथ शेवटी म्हणाले. “कुठं गळती न्हाई. कुलूप बी शाबूत हाय, कुणी काढलं म्हणावं तर खुणा न्हाईत.”

“मग?”

“भरलं कवा होतं?”

“ते मी ध्यानात ठेवत नव्हतो. चतुरा ठेवायची.”

रंगनाथांनी हात पुसले. फार हळू बोलले, पण अंगण लहान आहे. “माणिकराव, राग मानू नका. किडनीवाल्या माणसाचं शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर ऱ्हात न्हाई. माझ्या मामाचं तसंच झालतं. दोन-चार बार दाणा टाकायचा इसरला असंल. चतुरावैनीकडनंच हिशेब चुकला असंल.”

मला वाटलं भासरे रागावतील. ते रागावले नाहीत. सीटच्या कडेवर बसले. गंजलेला फ्लोट त्यांच्या हातात होता, तो त्यांनी दोनदा फिरवून बघितला.

“असंल,” ते म्हणाले. “चुकली असंल. तिला म्हणून बी काय उपयोग. मीच तिच्यावर टाकून मोकळा झालतो. आजारी बाई, डोळ्यानं दिसत न्हाई, आन् मी तिला इचारतो, किती झाले.”

पुन्हा म्हणाले, “चुकली असंल चतुरा.”

ते दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझ्यानं बसवलं नाही. मरताना सुद्धा मोजणीत न चुकलेली बाई. तिच्या माघारी तिचा नवरा तिला चुकली म्हणत होता. चूक माझी, आणि मी चिंच लावलेली पळी हातात घेऊन बसले होते.

मी उठले. पदर डोक्यावर ओढला आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिले. तिसऱ्या माणसाकडं वळून बोलायचं म्हणजे रंगनाथ होतेच. पण मी भासऱ्यांकडंच बघून बोलले.

“जाऊबाईंचं चुकलं न्हाई. दाणे मी सांडले.”

रंगनाथ म्हणाले, “काय म्हणता वैनी?”

“सोमवारी देवघर झाडलं तवा वाटीत दाणे होते. मला वाटलं त्यायचा नेम हाय. म्या ते चिमण्यांना घातले. त्याच्यानंतरचे ते दोन.”

भासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. चोवीस वर्षांत त्यांनी सरळ माझ्याकडं असं कधी बघितलं नसेल.

“किती होते?”

“मोजले न्हाईत.”

“मोजले न्हाईत,” ते तसंच म्हणाले.

मी घरात जाऊन वही आणली आणि गाडीच्या बॉनेटवर, ते पान उघडून, ठेवली. ते उठून आले. वाचायला वेळ लागला, चष्मा घरात होता. बोट ओळीवरून नेलं. मग त्यांनी मागची पानं उलटली. मी रोज लिहीत असल्यामुळं कुठल्या दिवशी जाऊबाई परभणीला गेल्या ते त्यात होतं. भासरे बोटावर मोजू लागले. एका पानावर थांबले आणि रंगनाथांना दाखवलं. तिथं मी लिहिलं होतं, ‘भासऱ्यांनी परभणीहून येताना देवाला जास्वंदीची फुलं आणली.’ त्या दिवशी ते पंपावर थांबले होते, पंपाच्या दारात फुलवाली बसते, हे त्यांना आता आठवलं. त्या दिवसापासून पुढं त्यांनी फेऱ्या मोजल्या.

“सात,” ते म्हणाले. “सात झाल्या होत्या. आठवीला मी निघालो.”

मग वही मिटली. “म्हंजी तिचं बरोबर होतं.”

“दादा…” माझ्या तोंडून निघालं. पुढं काय म्हणायचं होतं ते मला अजूनही सांगता येत नाही.

ते माझ्याशी बोलले नाहीत. रंगनाथांकडं बघून म्हणाले, “तिला म्हणावं, पंधरा दिवस गप कामून बसली. मी मेलेल्या बाईवर…” आणि तिथंच थांबले. हौदावर जाऊन हात धुतले. पेट्रोलचा वास जाईना म्हणून पुन्हा धुतले. तिथंच, आमच्याकडं पाठ करून, बराच वेळ उभे राहिले. खांदे हलत होते. रंगनाथांनी मला हातानं खूण केली, आत जा म्हणून. मी गेले.

रंगनाथांनी एकट्यानं फ्लोट पुन्हा टाकीत बसवला, झाकण लावलं, सीट ठेवली. चहा घेतला नाही. निघताना दारात थांबून म्हणाले, “वैनी, बरं केलं सांगितलं ते. पर आज त्यायच्या फुडं येऊ नका.”

मालकांना मी दुपारी सांगितलं. ते विहिरीवर गेले ते दिवस मावळायला आले.

भासरे चार दिवस आमच्याकडचं जेवले नाहीत. तेरा दिवस त्यांचं ताट आमच्याकडूनच जात होतं, तसं मी पाठवत राहिले. मालक घेऊन जायचे आणि झाकलेलं परत आणायचे. भासरे स्वतःच चुलीवर भात टाकायचे. अंगणातल्या त्यांच्या बाजूनं करपलेल्या भाताचा वास यायचा. देवाची पूजा मी पहाटे, ते फिरायला गेलेले असताना, उरकून यायची. राहिलेली भांडी त्या दिवशी घासायची राहिली ती दुसऱ्या दिवशी घासली. देवापुढं मी काय मागितलं ते इथं लिहीत नाही. क्षमा मागितली नाही एवढं खरं. ती ज्यांच्याकडं मागायची त्या गेल्या.

त्यांची मुलगी अर्पिता संभाजीनगरहून फोन करते. तिलाही मी सांगितलं. ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, “काकू, आईनं तुला सांगायला पायजे होतं, ते दाणे कशाचे हायत म्हून.” मी तिला म्हटलं, असं म्हणू नको. आता आणखी एकदा त्यांच्यावर ठपका नको.

पाचव्या दिवशी ताट रिकामं परत आलं. त्यानंतर रोज येतं. पण पूर्वी भासरे ओसरीवर येऊन जेवायचे, तसे अजून आलेले नाहीत. काही हवं असलं तर मालकांना सांगतात. “मीठ कमी टाकत जा म्हणावं.” मधे जाऊबाई असायच्या, आता मालक असतात. मालकांना ते जमत नाही. निरोप अर्धा विसरतात.

गाडी अंगणातच आहे. भासरे ती रोज पुसतात, पण बाहेर काढत नाहीत. अर्पिता म्हणाली, विकून टाका. गावातल्या बजरंगनं मागितलीही, त्याच्या आईला दवाखान्याला न्यायला लागते म्हणून. भासरे देतो म्हणाले, पण काटा नीट करून. बजरंग म्हणाला, “काका, तुमी दोन साल तशीच चालवली की, मी बी चालवीन.” भासरे म्हणाले, “न्हाई. तुझ्या आईला घिऊन तू रस्त्यावर हुबा ऱ्हायचा न्हाईस.” वाकळ त्यांनी काढून, घडी घालून घरात ठेवली.

आज संध्याकाळी रंगनाथांचा फोन आला. फ्लोट मिळाला आहे, जुनाच आहे पण सांधा मोकळा आहे. भासऱ्यांनी ते मालकांना सांगितलं आणि मालकांनी मला, कारण सकाळी लवकर भाकरी करून द्यावी लागेल. उद्या गुरुवारी भासरे सात वाजताच्या एसटीनं निघून, सेलूला गाडी बदलून, देवगाव फाट्याला फ्लोट आणायला जाणार आहेत.